परसांतील बदकें व त्यांचें रात्रीचें घर

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील आठवीची एक विद्यार्थिनी दोन दिवस वर्गांत आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं आली ती आपल्या आईस बरोबर घेऊनच. आजारपणाची चिठ्ठी आणली असावी असें समजून मीं हात पुढें केला. परंतु चिठ्ठी नव्हती. त्या माउलीनें सांगितलें तें असें : घरच्या अकरा बदकांपैकीं सात बदकें एका रात्रींत मारलीं गेलीं, आणि उरलेलीं चार शोधीत मायलेकी दोन दिवस शेतांच्या बांधांवरून व ओढ्याच्या कांठानें फिरत होत्या. चारही सांपडलीं, त्यांतील एक लंगडत होतें. या बदकांच्या अंड्यांवर मुलीच्या वह्यापुस्तकांचा आणि बसभाड्याचा खर्च चालत असे. त्याच परसांत त्याच रात्रीं सहा कोंबड्याही होत्या. त्यांच्या पिसासही धक्का लागला नाहीं. "सर, कोंबड्या वांचल्या आणि बदकेंच कां गेलीं?" हा तिचा प्रश्न होता.

मी घरीं सात वर्षें बदकें पाळीत आहें, हें तिला मुलीकडून कळलें होतें. प्रश्न दिसावयास लहान. पण त्याचें उत्तर द्यावयाचें तर बदकाचा सारा स्वभावच सांगावा लागतो. शाळेच्या व्हरांड्यांत उभ्या उभ्या जें सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहें. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं कोंबड्यांच्या जोडीस चारदोन बदकें असतात, तेव्हां तें इतरांच्याही उपयोगी पडेल.

कोंबडी व बदक हीं एकाच परसांत वाढतात, एकाच हातचा दाणा खातात, म्हणून आपण दोघांस एकाच मापानें मोजतों. परंतु त्यांचीं कुळें निराळीं आहेत. कोंबडीचा मूळपुरुष रानकोंबडा. तो दिवसभर जमीन उकरून खातो. पण अंधार पडूं लागला कीं झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो, कारण काळोखांत त्याला फारसें दिसत नाहीं. पूर्वजांची ही संवय घरच्या कोंबडींत जशीच्या तशी उतरली आहे. दिवेलागण झाली कीं ती आपल्या पायांनीं खुराड्यांत शिरते. आपण केवळ फळी लावावयाची. बदकाचा पूर्वज म्हणजे हिरव्या मानेचें रानबदक. थंडीच्या दिवसांत तें उत्तरेकडील देशांतून भारताच्या उत्तर भागांतील तळ्यांवर उतरतें. तें पाण्यावर अगर पाण्याच्या कांठीं विसावतें. मंद प्रकाशांत त्याला चांगलें दिसतें, आणि अगदीं काळोख झाला तरी चोंचीच्या स्पर्शानें तें चिखलांतील अन्न शोधूं शकतें. म्हणून सूर्य मावळला कीं कोंबडीला घरीं परतण्याचा हुकूम झाल्यासारखें वाटतें, तर बदकाला ती चरण्याचीच एक चांगली वेळ वाटते. पावसाळ्यांत तर विशेषच. कारण संध्याकाळच्या ओलाव्यांत गांडुळें वर येऊं लागतात. त्या मुलीच्या घरीं अशी समजूत होती कीं, कोंबड्या आंत गेल्या म्हणजे बदकेंही गेलीं असतील. त्या रात्रीं पाऊस जोराचा होता. आईनें पडवींतूनच हात लांब करून खुराड्याची फळी ओढली. बदकें फणसाखालच्या डबक्यांत राहिलीं.

(ह्यास एक अपवाद आहे. लाल मांसल चेहऱ्याचें, अंगानें जड, जवळजवळ मुकें असें एक बदक कांहीं घरीं दिसतें. तें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील असून रानबदकाच्या वंशांतील नव्हे. तें झाडावर अगर कुंपणावर चढून बसूं शकतें. या लेखांत त्याचा विचार केलेला नाहीं.)

आतां कोणी म्हणेल, रानबदकें तर बारा महिने उघड्यावरच झोपतात. तीं कशीं वांचतात? ह्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील इंडियाना स्टेट विद्यापीठांतील नील्स राटेनबोर्ग व त्यांचे सहकारी यांनीं रानबदकांच्या झोपेविषयींचें आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. बदकें ओळीनें झोपलीं असतां मधल्या बदकांचे दोन्ही डोळे बहुधा मिटलेले असत. परंतु टोकांचीं जीं दोन बदकें, तीं बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचा प्रकार पुष्कळ अधिक वेळां करीत. अशा वेळीं त्यांच्या मेंदूचा अर्धा भाग झोपलेला व अर्धा जागा असे. पहारेकऱ्यानें पहाऱ्यावर असतांनाच अर्धी झोप काढावी, तसा हा प्रकार आहे. धोका दिसतांच टोकाचें बदक ओरडतें, आणि सारा थवा पाण्यावरून सरळ आकाशांत उडतो. आमच्या घरच्या बदकांतही हा पहारेकरी आहे. परंतु माणसानें पिढ्यानुपिढ्या जड अंगाचीं आणि अधिक अंडीं देणारीं बदकें निवडून वाढविल्यामुळें त्यांचें उडणें बहुतेक गेलें. जाग राहिली, सुटका राहिली नाहीं. जमिनीवर तर त्यांस धड पळतांही येत नाहीं. पाय शरीराच्या मागल्या बाजूस असतात, ते पोहण्यास उत्तम आणि धावण्यास वाईट. डबकें घोटाभर खोल असेल तर तें पाणीही कांहीं कामाचें नाहीं.

कोंकणांत रात्रीं हिंडणारे शिकारी थोडेथोडके नाहींत. कोल्हा, रानमांजर, उदमांजर, गांवांतील मोकाट कुत्रीं हीं मोठ्या बदकांस मारतात. घोरपड दिवसां अंडीं खाते, आणि मुंगूस पिलांना सोडीत नाहीं. पुष्कळांना असें वाटतें कीं, प्राणी भुकेपुरतें एक उचलून नेईल. तसें घडतच असें नाहीं. भेदरलेलीं पाखरें एकमेकांवर आदळत फडफडूं लागलीं, कीं कुत्रें किंवा रानमांजर जें हलेल त्यावर झडप घालीत जातें, आणि एकास खाण्यापूर्वीं पांचसहांस मारून टाकतें. त्या सात बदकांपैकीं दोनच नेलेलीं होतीं. पांच तशींच पडलीं होतीं. हें सांगतांना मुलगी बोलावयाची थांबली, आणि पुढचें आईनें सांगितलें.

इतकें वाचून कोणी असें ठरवील कीं, बदकांस रात्रंदिवस कोंडूनच ठेवावें. तेंही चुकीचें होईल. पुरत्या वाढीच्या बदकाला कोंडून पोसावयाचें तर दररोज सव्वाशे ते दीडशे ग्रॅम दाणा लागतो. तो सारा विकत घेतला तर गरिबाच्या घरीं अंड्यांची मिळकत त्यांतच बुडते. बदक परवडतें तें दिवसां मोकळें चरतें म्हणूनच.

विद्यार्थ्यांनीं एकदां तरी चरणारें बदक जवळ बसून पाहावें. कोंबडी एकेक दाणा टिपते. बदक पाणी चाळतें. त्याच्या चोंचीच्या आंतल्या कडांस फणीच्या दांत्यांसारखे बारीक पडदे असतात. चिखलाचें पाणी तोंडांत घेऊन तें जिभेनें बाहेर लोटतें. पाणी त्या दांत्यांमधून निघून जातें आणि बी, अळी, किडा आंत राहतो. माझीं बदकें सकाळीं सुटलीं कीं प्रथम केळींच्या बुंध्यांशीं जातात. तेथें न्हाणीघराचें पाणी मुरतें. मग ओढ्याच्या कडेनें गवताच्या मुळाशीं चोंच खुपसीत खालीं जातात. गोगलगाई, शिंपले, गांडुळें, नाकतोडे, बेडकांचीं पिलें, डांसांच्या अळ्या, शेवाळ, देवधान्य, सांडलेलें भात हें सारें त्यांस चालतें. गोगलगाय तीं कवचासकट गिळतात. ही गोष्ट गुरें पाळणाऱ्या पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण गुरांच्या काळजांत होणाऱ्या चपट्या जंतूचें अर्धें आयुष्य साचलेल्या पाण्यांतील कांहीं गोगलगाईंच्या पोटांत जातें. बदकांमुळें तो रोग समूळ जातो असें मी म्हणत नाहीं, पण गोगलगाई कमी झाल्या तर त्याचा एक दुवा कमजोर होतो.

पोहण्यास तळें पाहिजेच असें नाहीं. डोकें डोळ्यांपर्यंत बुडेल इतकें स्वच्छ पाणी मात्र पाहिजे, नाहींपेक्षां नाकपुड्या व डोळे चिकटून येतात. जुनी लोखंडी घमेली रोज धुवून भरली तरी चालते.

भाताच्या खाचरांत बदकें सोडण्याविषयीं शेजाऱ्यांचे तंटे होतात. आमच्याही आळींत एकदां झाला. खाचर दुसऱ्याचें असेल तर विचारल्यावांचून सोडूं नयेत, हें तर उघडच आहे. स्वतःच्या खाचरांतही लावणी झाल्याबरोबर सोडल्यास कोंवळीं रोपें उपटलीं जातात. रोपांनीं मूळ धरलें, म्हणजे साधारण दहापंधरा दिवस लोटले, कीं लहान वयाचीं बदकें सोडावीं. आणि लोंब्या येऊं लागल्या कीं बाहेर काढावीं, कारण पुढें तीं दाणा खातात. जपानच्या फुकुओका प्रांतांतील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्यानें १९८८ सालापासून हीच रीत मोठ्या काळजीनें चालविली. बदकें तण व किडे खातात, पाय मारून चिखल ढवळतात, आणि त्यांची विष्ठा खाचरास खत होते. पण तेथेंही कोल्हीं व कुत्रीं हें संकट होतेंच; विजेच्या बारीक तारेचें कुंपण खाचराभोंवतीं घातल्यावर ती रीत मार्गास लागली. ज्या शेतांत कीटकनाशकाची फवारणी झाली असेल तेथें मात्र कांहीं दिवस बदकें जाऊंच देऊं नयेत.

दिवसाचें चरणें बदक स्वतः करतें. संध्याकाळचें परतणें तें स्वतः करीत नाहीं, तें आपण शिकवावें लागतें. आणि तें सोपें आहे. बदक हें एकेकटें राहणारें पाखरूं नव्हे. एक वळलें कीं सारीं वळतात, आणि ठरल्या वेळेचें व ठरल्या आवाजाचें त्यास विलक्षण भान असतें. अंड्यांतून निघाल्यावर पहिल्या कांहीं तासांत जें हलतांना व आवाज करतांना दिसेल त्याच्या मागें पिलूं जातें, ही गोष्ट कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत हंस व बदकें यांच्या पिलांवर प्रयोग करून जगापुढें मांडली. तो स्वतः बदकाच्या आवाजाची नक्कल करीत गवतांतून रांगत जाई आणि पिलें त्याच्या मागून ओळीनें जात. पुढें १९७३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. बाली बेटांत बदकवाला सकाळीं शेतांत एक उंच बांबू रोवतो, त्याच्या टोकास पांढरें फडकें किंवा पिसांचा झुबका बांधलेला असतो. बदकें दिवसभर त्या खुणेच्या आसपास चरतात आणि सायंकाळीं त्या काठीच्या मागोमाग घरीं येतात. केरळांतील कुट्टनाडच्या सखल भातशेतींत कापणीनंतर शेंकडों बदकांचे कळप सांडलेल्या दाण्यावर चारतात. त्या बदकांच्या चारा व चेंबल्ली अशा दोन जाती प्रसिद्ध आहेत. रात्रीं बांधावर जाळें उभें करून सारा कळप त्यांत घालतात आणि राखणदार तेथेंच झोपतो. देश निराळे, पण दिवसां सोडणें आणि रात्रीं कोंडणें हें सर्वत्र सारखें.

आपल्या परसांत बांबू नको, जाळेंही नको. एक पितळी थाळी आणि एकच आवाज पुरे. दिवसाच्या दाण्याचा मोठा वांटा सकाळीं देऊं नये. सकाळीं पोट भरलें तर बदक चरावयास जात नाहीं. तो संध्याकाळीं, सूर्य मावळण्यापूर्वीं अर्धा तास, खुराड्याच्या दारापुढें द्यावा. तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात, त्यांत तिसऱ्यांच्या कवचांचा बारीक चुरा. अंड्याच्या टरफलास चुना लागतो, तो आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळतो. कोंडा ओला करूनच द्यावा आणि जवळ पाणी ठेवावें. कोरडा कोंडा बदकाच्या घशांत अडकतो. थाळी वाजवावी आणि रोज तोच शब्द म्हणावा. आमच्या घरीं माझी पत्नी "या ग या" म्हणते. मी तेंच म्हटलें तरी बदकें माझ्याकडे एकदां पाहून पुन्हां ओढ्याकडे वळतात. हा अपमान मीं सोसला आहे. आठपंधरा दिवसांत तीं इतकीं शिकतात कीं थाळीस हात लावतांच ओळ धरून डुलत येतात.

ह्यांत एकच अडचण आहे, ती बदकांची नव्हे, माणसांची. तिसऱ्या वर्षीं एका लग्नास जावयाचें होतें. परततांना उशीर झाला, घरीं पोहोंचलों तों रात्रीचे नऊ वाजले होते. दाणा कोणी दिला नव्हता. बदकें ओढ्याच्या डोहांत होतीं. मी विजेरी घेऊन कमरेइतक्या पाण्यांत उतरलों. उजेड पाहून तीं पलीकडच्या कांठास जात, मी तिकडे गेलों कीं अलीकडे येत. दोन तास हा खेळ चालला. शेवटीं पत्नीनें थाळी आणून कांठावर वाजविली, विजेरी विझवावयास सांगितलें, आणि मुकाट्यानें पाण्याबाहेर यावयास सांगितलें. पंधरा मिनिटांत नऊ बदकें आलीं. दहावें आलें नाहीं; दुसऱ्या दिवशीं त्याचीं पिसें करवंदीच्या जाळीपाशीं मिळालीं. तेव्हांपासून आम्ही दोघें एकदम संध्याकाळीं घराबाहेर राहत नाहीं, आणि राहावयाचें झालें तर शेजारच्या मुलाला दोन दिवस आधीं बोलावून तो दाणा त्याच्याच हातून देववितों. (पकडावयाची वेळ आलीच तर बदकाला तंगडीनें धरूं नये, तें हाड लौकर दुखावतें. मान हलक्या हातानें धरून दुसरा हात पोटाखालीं घालावा.)

आतां घराविषयीं. त्यास मोठा खर्च नको. एका बदकास रात्रीपुरती तीन ते चार चौरस फूट जागा पुरे. म्हणजे दहा बदकांस सहा फूट लांब व सहा फूट रुंद खोपटें झालें कीं पुष्कळ. बदक फांदीवर बसत नसल्यामुळें आंत दांडी नको, उंचीही फार नको. मात्र झाडण्यासाठीं माणसाला वांकून शिरतां आलें पाहिजे. जोतें जांभ्या चिऱ्याचें, हातभर उंच घ्यावें, म्हणजे पाऊस आंत येत नाहीं आणि घुशी खालून पोखरीत नाहींत. भिंती दोन फूटपर्यंत बंद व त्यावर जाळी, अशी रीत चांगली. बदकाला थंडीचें भय थोडें, कोंदट हवेचें फार. जाळीविषयीं मात्र सावध असावें. बाजारांतील षट्कोनी भोंकांची पातळ जाळी कोंबडीला आंत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवीत नाहीं. दांतांनीं ओढली कीं ती सुटते. अर्ध्या इंचाच्या भोंकांची, सांध्यास डाग दिलेली जाड तारेची जाळी घ्यावी. थोडी महाग पडते.

दार रुंद हवें, निदान दोन फूट. कोंबड्या एकामागून एक शिरतात. बदकें सगळीं एकदम शिरूं पाहतात आणि अरुंद दारांत अडकून एकमेकांस दुखवितात. जोत्यावर चढण्यास फळीचा उतार करावा, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्या. कडीला वरून खिट्टी पाहिजे. नुसती अडकवलेली कडी जनावरानें दार हलविलें कीं निसटते. हें मीं पाहिलें आहे. जमिनीवर भाताचें तूस किंवा कोरडा पेंढा हातभर पसरावा. बदकाची विष्ठा पाणेरी असते, म्हणून पेंढा कोंबड्यांपेक्षां लौकर भिजतो, वरचेवर पालटावा. काढलेला पेंढा माडाच्या अळ्यांत घालावा. पूर्ण अंधारांत एखादा आवाज झाला तर सारीं बदकें एका कोंपऱ्यांत धांवून चेंगरतात, म्हणून पडवींतील दिव्याचा मंद उजेड तेथें पोहोंचत असेल तर बरें.

इतका खटाटोप केवळ कोल्ह्याच्या भयानें करावा लागतो असें नाहीं. ह्या घराचा दुसरा फायदा असा आहे कीं तो रोज सकाळीं टोपलींत दिसतो. बदक पहांटे अंडें घालतें. बहुतेक अंडीं सकाळीं आठनऊच्या आंत येतात. कोंबडीसारखें तें दिवसांतून केव्हांही घालीत नाहीं. शिवाय ठरलेली जागा शोधण्याचा त्याला फारसा आग्रह नसतो. चरतां चरतां गवतांत टाकील, ओढ्यांत टाकील. त्या विद्यार्थिनीच्या आईला कामावर जावयाचें असल्यामुळें ती सहा वाजतां बदकें सोडून देई, आणि आठ माद्यांचीं तीनचारच अंडीं मिळत. "जात वाईट आहे" असें तिला कोणी सांगितलें होतें. बहुधा जात वाईट नव्हती. अंडीं ओढ्यांत जात होतीं आणि कावळे खात होते. माझ्या घरींही पहिल्या वर्षीं हेंच घडलें. पुढें साडेआठला दार उघडूं लागलों तेव्हां खरी संख्या कळली. आंत एका बाजूस, तीन माद्यांस एक या हिशेबानें, फूटभर रुंदीच्या पेट्या ठेवून त्यांत पेंढा घातला तर अंडीं स्वच्छ मिळतात. बदकाचें अंडें सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतें, गांवठी कोंबडीच्या अंड्यापेक्षां बरेंच मोठें; चव थोडी उग्र असते. तें पूर्ण शिजवूनच खावें, अर्धें कच्चें कधींही खाऊं नये.

जातींविषयीं दोन शब्द पुरेत. अंड्यांसाठीं खाकी कॅम्बेल ही जात सरकारी केंद्रांतून मिळते. ती इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत अॅडेल कॅम्बेल नांवाच्या बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या परसांत तयार केली; चांगली ठेविली तर मादी वर्षास तीनशेंच्या आसपास अंडीं देते. तिच्या पूर्वजांत एक उभ्या चालीचें बदक आहे, त्यास इंग्रजींत "हिंदी धांवपटू" अशा अर्थाचें नांव पडलें आहे. पण तें हिंदुस्थानचें नव्हे, जावा-बालीकडील बेटांचें. आमचीं गांवठी बदकें अंडीं कमी देतात, पण काटक असतात, आणि त्यांतील एखादी मादी अंड्यांवर बसतेही. खाकी कॅम्बेल बहुधा बसत नाहीं. सहासात माद्यांस एक नर पुरे. नर ओळखावयाचा तर शेंपटीवरचें वर वळलेलें पीस पाहावें, किंवा आवाज ऐकावा : जी मोठ्यानें ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा व दबका.

रोगांविषयीं मात्र घाईनें लिहितां येत नाहीं. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड किंवा बुरसटलेला दाणा बदकांस कधींही घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत लाखभर टर्की पक्षी अकस्मात् मेले, बदकांचीं पिलेंही मेलीं. शोध करतां दिसून आलें कीं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींत एका बुरशीचें विष होतें. त्या विषास आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि तें ओळखण्यास बदकाच्या पिलांचाच उपयोग केला गेला, इतकीं तीं त्यास नाजूक असतात. पावसाळ्यांत आपल्याकडे पेंड चार दिवसांत बुरसते, हें सांगावयास नको. उन्हाळ्यांत आटलेल्या, कुजक्या डबक्यांत बदकें जाऊं देऊं नयेत. त्या घाणींतील विषानें मान लुळी पडून तीं मरतात. बदकांचा प्लेग नांवाचा सांथीचा रोग आहे, त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून वेळीं टोंचून घ्यावी. बर्ड फ्लूचें नांव सर्वांस ठाऊक आहे : २००६ सालीं आपल्या राज्यांत नवापुरास तो आला, आणि २०१४ सालीं कुट्टनाडच्या बदकांत आला. बदकाच्या अंगीं तो रोग असूनही पुष्कळदां तें धडधाकट दिसतें. म्हणून जेथें थंडींत रानबदकें उतरतात त्या पाणथळींत आपलीं बदकें सोडूं नयेत. आणि दोनचार पाखरें अकस्मात् मेलीं तर तीं न हाताळतां दवाखान्यास कळवावें. लपवून पुरूं नयेत.

त्या मायलेकींनीं पुढें काय केलें तें सांगतों. खुराडें नवें बांधण्यास पैसे नव्हते. जुन्या मांगराचा कोंपरा त्यांनीं चिऱ्यांनीं बंद केला आणि दार मुलीच्या मामानें करून दिलें. उरलेल्या चारांत एक नर होता, हें भाग्यच. नऊ अंडीं खुडूक कोंबडीखालीं ठेविलीं. कोंबडीचीं अंडीं एकवीस दिवसांत फुटतात, बदकाचीं अठ्ठावीस दिवसांत. त्या सात दिवसांत कोंबडीनें कंटाळून उठूं नये म्हणून तिला जवळच दाणापाणी द्यावें लागतें. अंडें जड असल्यामुळें ती तें नीट परतूं शकत नाहीं, तेव्हां मुलगी स्वतः दिवसांतून दोनदां परतीत असे, आणि शेवटच्या आठवड्यांत त्यांवर कोमट पाणी शिंपडीत असे. सात पिलें निघालीं. पहिले तीन आठवडे त्यांस पाण्यांत जाऊं दिलें नाहीं. रानांत पिलांच्या पिसांस आईच्या अंगाचें तेल लागतें. कोंबडीच्या अंगीं तसें तेल नसतें, त्यामुळें तीं भिजून गारठतात. एक घारीनें नेलें. सहा राहिलीं.

पूर्वीं ती मुलगी शाळा सुटल्यावर व्हॉलीबॉलसाठीं थांबत असे. आतां पांच वाजतांच निघते. क्रीडाशिक्षकांनीं कारण विचारलें तेव्हां मीं तें सांगितलें, आणि त्यांनीं तिचा सराव सकाळीं ठेविला. दार लावण्यापूर्वीं ती बदकें मोजते व आंकडा दाराच्या फळीवर खडूनें लिहिते. गेल्या महिन्यांत एक दिवस मोजणींत नऊच भरलीं. दहावें थाळीच्या आवाजास आलें नाहीं. आई म्हणाली, गेलें असेल. मुलगी विजेरी घेऊन निघाली. जास्वंदीच्या मुळाशीं ती जुनी लंगडी मादी पंख पसरून बसली होती, आणि तिच्या पोटाखालीं सात अंडीं होतीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत मुलीनें मला विचारलें कीं तिला तेथेंच बसूं द्यावी कीं आंत आणावी. रात्रभर आई दिवा घेऊन मांगराच्या दारांत बसली होती. मीं सांगितलें कीं आजच काळोख पडल्यावर टोपलींत पेंढा घालून प्रथम अंडीं त्यांत ठेव, मग मादीला उचलून त्यांवर बसव, आणि सारें मांगराच्या कोंपऱ्यांत नेऊन वर गोणपाट टाक. अंधारांत हलविलें तर ती बहुधा पुन्हां बसते. ती बसली. अठ्ठावीस दिवस येत्या शुक्रवारीं भरतात.